किती रुपयांत मिटतं?

रात्री साडेअकराला वकिलाचा फोन वाजला की बहुतेक वेळा एकच प्रश्न कानावर येतो. "वकीलसाहेब, भाच्याला भिगवण चौकात धरलंय. थोडी घेतली होती पोरानं. किती रुपयांत मिटतं?" विचारणारा माणूस वाईट नसतो. हळदीच्या कार्यक्रमातून नुकताच घरी आलेला मामा असतो, नाहीतर सोसायटीचा सचिव. हेल्मेटचं, सीटबेल्टचं असतं तसंच हे चलान आहे आणि मोबाइलवरून पैसे भरले की विषय संपला, असं त्याला मनापासून वाटत असतं. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हा समज फार घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी माणसं नको तिथे अडकतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

जागेवर दंड भरून कोणते गुन्हे मिटवता येतात, याची यादी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० मध्ये दिली आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ त्या यादीत नाही. त्यामुळे रस्त्यावर पावती फाडून हे प्रकरण संपवण्याचा अधिकार हवालदाराला नाही, निरीक्षकालाही नाही. खटला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जातो आणि आरोपी म्हणून नाव पुकारलं की उभं राहावं लागतं. कुणी 'मी बघतो, एवढे द्या' म्हणत असेल, तर तो तुमच्याकडून लाच काढतोय किंवा तुम्हाला फसवतोय. पहिल्या प्रकारात तुमच्या डोक्यावर आणखी एका गुन्ह्याची भर पडते.

शिक्षा अशी आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपये होता. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तोच आकडा आहे. पहिल्या वेळी बऱ्याचदा दंडावर भागतं हे खरं, पण दहा हजार रुपये ही या शिक्षेतली सर्वांत हलकी गोष्ट आहे.

मर्यादा किती, हे विचारलं तर 'एक पेग चालतो' असं छातीठोक सांगणारे भेटतात. कायद्यात पेगचा उल्लेख कुठेच नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. मग तुम्ही सरळ चालत असा, बोलणं स्वच्छ असो, वीस वर्षं गाडी चालवत असा, त्यानं फरक पडत नाही. साधारण ७० किलो वजनाच्या पुरुषाचा ढोबळ हिशेब मांडून पाहा. साध्या बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली त्याला ५० मिलिग्रॅमच्या आसपास नेते. स्ट्राँग असेल तर ८० च्या. साठचा एक पेग ४० च्या घरात आणि एक क्वार्टर १२० च्या पुढे. वजन कमी असेल, पोट रिकामं असेल तर आकडा आणखी चढतो. बायकांच्या बाबतीत तेवढ्याच दारूत तो जास्त असतो. म्हणजे 'एकच बिअर घेतली होती साहेब' हे वाक्य बचाव नसून जवळजवळ कबुलीच आहे.

दुसरा हिशेब वेळेचा. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल संपवतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, वेलची, मसाला पान यांनी तोंडाचा वास झाकला जातो, रक्तातला आकडा हलत नाही. रात्री बाराला १२० वर असलेला माणूस सकाळी सहाला जेमतेम ३० वर उतरतो. पहाटे दूध घालायला निघालेला, सकाळच्या पाळीला एमआयडीसीत जाणारा, झोपून उठलोय म्हणून निर्धास्त असलेला माणूस पेन्सिल चौकात मशीनमध्ये फुंकतो आणि आकडा पाहून स्वतःच चकित होतो. सकाळी गाडी चालवायची असेल तर हिशेब आदल्या रात्रीच करावा लागतो. देशी किंवा हातभट्टी असेल तर हिशेबही करू नका, कारण बाटलीत किती होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

हे कलम फक्त मोटारवाल्यांसाठी नाही. मोटारसायकल, स्कूटर, रिक्षा, ट्रॅक्टर सगळं त्यात येतं. 'गावातल्या गावातच चाललो होतो' याला अर्थ नाही. गावातला रस्ताही सार्वजनिकच असतो. गांजा किंवा इतर अमली पदार्थाच्या नशेत गाडीवर ताबा राहिला नाही तरी कलम १८५ च लागतं.

आता नाकाबंदीत काय होतं आणि तुम्ही काय करायचं ते बघू. गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याला वाजवी संशय आला तर तो तुम्हाला मशीनमध्ये फुंकायला सांगू शकतो. फुंका. नकार दिला म्हणजे पुरावाच राहत नाही, हा मित्रमंडळींनी दिलेला सल्ला घातक आहे. चाचणी नाकारणाऱ्याला कलम २०३ खाली वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि योग्य कारण नसेल तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच कोर्टात तुमच्याविरुद्ध धरला जातो. मशीनची नळी नवीन आहे ना ते बघा, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, छापील पावती निघत असेल तर तिच्यावरची तारीख-वेळ तपासा. तोंडात नुकताच घोट गेला असेल किंवा माउथवॉश वापरला असेल तर तसं लगेच सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करा. हे सगळं शांतपणे करायचं. हुज्जत घातलीत तर सरकारी कामात अडथळ्याचं कलम जोडलं जाऊ शकतं आणि तो याहून भारी गुन्हा आहे. साहेबांना किंवा पुढाऱ्याला फोन लावण्याचंही टाळा.

अटक झाली तर एक हक्क पक्का लक्षात ठेवा. कलम १८५ खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हावीच लागते. झाली नाही तर त्याला सोडावं लागतं. बारामतीत उपजिल्हा रुग्णालय, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय, भिगवणला ग्रामीण रुग्णालय, अशा ठिकाणी ही तपासणी होते. रक्ताचा नमुना बाईचा असेल तर तो महिला डॉक्टरनं किंवा महिलेच्या उपस्थितीत घेतला गेला पाहिजे. नमुना तुमच्यासमोर सील होतोय का, तपासणीची नेमकी वेळ लिहिली का, याकडे लक्ष द्या. पुढे खटल्यात याच वेळांवर उलटतपासणी होते. नुसतं मद्यपानाचं कलम असेल तर गुन्हा जामीनपात्र आहे. शुद्धीत असलेला, लायसन्स असलेला नातेवाईक बोलावून घ्या. गाडी त्याच्या ताब्यात मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर कोर्टातून सोडवून घ्यावी लागते.

सगळ्यात जास्त माणसं ठेचकाळतात ती लायसन्सच्या बाबतीत. दंडाचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, लायसन्सचा कुणी विचारच करत नाही. कलम २०६ प्रमाणे पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवतात. आपल्याकडे म्हणजे एमएच-४२ च्या बारामती कार्यालयाकडे. बदल्यात पोचपावती मिळते. एरवी अशा पावतीवर गाडी चालवता येते, म्हणून लोक याही पावतीवर बिनधास्त निघतात. या पावतीवर चालवता येत नाही. लायसन्स परत हातात येईपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. परवाना अधिकारी तुमचं म्हणणं ऐकून पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो आणि दुसऱ्याला लायसन्स रद्दच करू शकतो. त्यामुळे सुनावणीची नोटीस आली की ती खिशात घालून विसरू नका. हजर राहा, लेखी म्हणणं द्या.

हे झालं कार्यालयाचं. कोर्टाचं वेगळं. कलम १८५ खाली दोषी ठरवणाऱ्या कोर्टानं किमान सहा महिने अपात्रतेचा आदेश द्यावा, असं कलम २० मध्ये आहे. म्हणजे 'कबूल करतो, दंड भरतो, मोकळं करा' असं म्हणून पहिल्याच तारखेला गुन्हा मान्य करणाऱ्या माणसाला आपण नेमकं काय मान्य केलं हे पुष्कळदा नंतर कळतं. अपात्र असताना गाडी चालवताना सापडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, हे आणखी निराळं.

कोर्टाच्या व्हरांड्यात एका ट्रकचालकाची बायको मला अजून आठवते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिनं सगळे कागद नीट लावून आणले होते: रेशनकार्ड, पोरांची शाळेची फी पावती, नवऱ्याच्या लायसन्सची झेरॉक्स. दंडाचे पैसे तिनं पदराच्या गाठीत बांधून आणले होते आणि ते ती पुन्हा पुन्हा चाचपत होती. आदेश झाल्यावर तिनं एकच विचारलं, "पैसं भरलं की. मग लायसन कधी देत्यात?" सहा महिने हे उत्तर ऐकून ती भिंतीला टेकून खालीच बसली. सहा महिने स्टेअरिंग नाही म्हणजे सहा महिने चूल कशावर, हा तिचा प्रश्न होता. मी तिला काय सांगणार?

तरुण पोरांसाठीही एक गोष्ट. आपल्या दोन्ही तालुक्यांत पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी, पोलीस भरतीची नाहीतर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी शेकडो मुलं आहेत. सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी असते. फॉर्मवर 'तुमच्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे का' असा रकाना असतो. तिथे खरं लिहिलं तर खुलासे देत बसावं लागतं, आणि लपवलं तर निवड झाल्यावरही नोकरी जाऊ शकते. वाढदिवसाच्या एका पार्टीसाठी ही किंमत फार आहे.

इथवर अपघाताचा विषय आलाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बारामती-भिगवण रस्त्यावर प्रशिक्षणार्थी वैमानिकांची गाडी पहाटेच्या अंधारात उलटली आणि विमान चालवायला शिकणारी तरुण मुलं रस्त्यावर जिवाला मुकली. गाडीतल्यांनी मद्यपान केलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. आपले रस्ते आता रुंद झालेत. पालखी मार्गानं काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूर गाठताना वेग वाढल्याचं कळतही नाही, आणि पुढे पुणे-सोलापूर महामार्ग आहेच. त्यात हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून रात्रभर चालतात, कित्येकांना मागे रिफ्लेक्टर नसतो, आणि बैलगाड्यांना तर काहीच नसतं. शुद्धीतल्या माणसालाही ट्रॉलीतून बाहेर आलेलं वाढं शेवटच्या क्षणी दिसतं. प्यायलेल्या माणसाला ते दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

अपघातात माणूस दगावला की कलमं बदलतात. निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. १ जुलै २०२४ आधी जुन्या दंड संहितेत ती दोन वर्षं होती. पण प्यायलेल्या चालकावर याहून भारी, कलम १०५ लागू शकतं, म्हणजे सदोष मनुष्यवध. आपल्या कृत्यानं कुणाचा जीव जाऊ शकतो याची जाणीव असताना ते केलं, असं कोर्टाला वाटलं तर त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे. हा गुन्हा अजामीनपात्र आणि खटला सत्र न्यायालयात. 'नशेत होतो, कळलं नाही' हा बचाव इथे चालत नाही, कारण दारू स्वतःच्या मर्जीनं घेतलेली असते.

हा रस्ता महाराष्ट्रातल्याच एका खटल्यानं पक्का केला. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर ॲलिस्टर परेराची गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. रस्त्याच्याच कामावर आलेले ते मजूर होते. सात गेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयानं निष्काळजीपणा धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयानं ती फिरवून सदोष मनुष्यवध धरला आणि तीन वर्षं केली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. अपराधाच्या मानानं शिक्षा कमी आहे असंच त्या निकालाचं म्हणणं होतं. तेव्हापासून 'अपघातच तो, दोन वर्षांच्या वर काही नाही' असं म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

आणि पुणे शहरातलं कल्याणीनगर तर सगळ्यांना आठवतंच. १९ मे २०२४ ला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. मुलाला वाचवायला धावलेली मोठी माणसं स्वतः आरोपी झाली. त्यातून आपण घ्यायचं ते असं की नमुन्याशी, साक्षीदाराशी, चालक कोण होता या माहितीशी खेळ करायचा नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात किल्ली द्यायची नाही. दिली आणि त्यानं गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

मालकांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. चालक प्यायलेला आहे हे दिसत असूनही त्याला गाडी घेऊन पाठवणं म्हणजे गुन्ह्याला साथ देणं. कलम १८८ प्रमाणे साथ देणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. दुसरी गोष्ट विम्याची. चालक नशेत होता हे सिद्ध झालं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारते, आणि फुंकणीची चाचणी झाली नव्हती एवढ्यावर ग्राहक सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. समोरच्या माणसाच्या भरपाईतही कंपनीला आता नशेचा बचाव घेता येतो. कोर्ट पीडिताला कंपनीकडून पैसे द्यायला लावेल आणि कंपनीला ते मालकाकडून वसूल करायची मुभा देईल, असं होऊ शकतं. मोटार अपघात दाव्यातल्या रकमा लाखांत असतात. ज्याच्या नावावर ट्रॅक्टर आहे त्याच्याच नावावर सातबाराही असतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

अपघात झालाच तर पळू नका. गर्दी अंगावर येईल अशी भीती असेल तर थोडं बाजूला जाऊन ११२ ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात हजर व्हा, पण आधी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. जखमीला मदत करणं चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीवर अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार करण्याची केंद्राची योजना लागू आहे. नातेवाइकांनी रुग्णालयात ती मागून घ्यावी. वकील परवडत नसेल तर बारामती आणि इंदापूर दोन्ही ठिकाणच्या कोर्टांत तालुका विधी सेवा समिती आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. तो मागायला लाजू नका.

ज्या घरात हे महिन्यातून दोनदा घडतं, तिथे कलमं सांगून उपयोग नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आजही काम करतं आहे. पुण्याची एसटी इथून दिवसभर सुटते.

बाकीच्यांसाठी व्यवस्था साधी आहे, फक्त ती बसण्याआधी ठरवावी लागते. चौघं जाणार असाल तर न पिणारा एक जण आधीच ठरवा आणि जेवणाची ऑर्डर देण्यापूर्वी किल्ली त्याच्याकडे द्या. कुणीच नसेल तर गाडी धाब्यावर ठेवा. गाडी सकाळी तिथेच सापडते. लग्नघरानं पाहुण्यांसाठी ओसरीवर चार अंथरुणं जास्त घालावीत.

आणि ट्रॅक्टर-ट्रक मालकांना एक विनंती. कारखान्याच्या वाहनतळावर नंबर लागेपर्यंत चालक सात-आठ तास थंडीत बसून असतो आणि बाटली तिथेच उघडते. गव्हाणीवर ऊस खाली करून तो रिकामी ट्रॉली घेऊन परत निघतो, तेव्हा तुम्ही घरी झोपलेले असता. यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी, ॲडव्हान्स देता त्याच दिवशी, चालकाला समोर बसवा आणि सहा महिने लायसन्स जातं हे त्याला आणि शक्य असेल तर त्याच्या बायकोलाही सांगा. रात्री थांबायची सोय करून द्या, आणि त्याचा फोन आला की 'आज राहा तिथंच, सकाळी ये' असं म्हणा.